पेर्लाचे दाखवायचे दात

माझ्या दुकानात येऊन कुणी नुसतं ‘एक पास्ता द्या’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, कोणता पास्ता? सुपात घालायच्या शेवया म्हणजे पास्ता. राजम्यात घालायचा टोमॅटोचा घट्ट लगदा, तोही पास्ता. पेरूची वडी, तीही पास्ता. आणि सकाळी उठून दातांना फासायचा, तोसुद्धा पास्ताच. आमच्या लोस कोकोस गावात या चारही वस्तूंना एकच नाव आहे आणि चारही माझ्याकडेच मिळतात. त्यामुळे ‘कोणता?’ विचारता विचारता माझं अर्धं आयुष्य सरलं. एकदा मी हा प्रश्न नीट विचारला, उत्तरही नीट ऐकलं, माल नीट दिला, आणि तरीही गावात हलकल्लोळ उडाला. त्यात माझी काही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

चूक होती पेर्लाची.

पेर्ला म्हणजे मोती. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाद्रीबाबांनी डोक्यावर पाणी घालून ठेवलेलं नाव एवारिस्तो, पण ते मतदार यादीपुरतंच उरलं आहे. उंचीने ठेंगणा, पोट जरा पुढे, डोक्यावर केस नावाला. देवाने सगळीकडे हात आखडता घेतला आणि तोंडाशी आल्यावर मात्र पोतं पालथं केलं. असे पांढरेशुभ्र दात आमच्या पंचक्रोशीत कुणाचे नव्हते. दुसऱ्यांचे फोटो काढताना ‘हसा’ म्हणावं लागतं, याला ‘आता पुरे’ म्हणावं लागायचं.

त्याचा धंदा घरं रंगवण्याचा. दिवसा लोकांच्या भिंती पांढऱ्या करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःचे दात. पण शनिवार-रविवारी आणि सणासुदीला तो म्हाताऱ्या सिरिलोच्या ताफ्यात सॅक्सोफोन वाजवतो. तेव्हाचा पेर्ला वेगळा. तो सूर लावतो आणि माझ्या दुकानातली डोमिनोची भांडणंसुद्धा थांबतात. सिरिलो स्वतः अकॉर्डियन वाजवतो. ताफा त्याच्या मालकीचा आणि तिथे त्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही.

पेर्लाच्या मुलीची मी धर्ममाता. म्हणून तो मला ‘कोमाय’ म्हणतो आणि मी त्याला ‘कोम्पाय’, आणि दोघंही एकमेकांना अहो-जाहो करतो. भांडतोसुद्धा अहो-जाहो करूनच. त्याचं घर माझ्या दुकानाच्या मागच्या अंगणाला लागून. मध्ये छातीइतकी भिंत. त्या भिंतीवरून त्याची बायको निदिया आणि मी गावाच्या कुंडल्या मांडतो.

त्या दातांसाठी पेर्ला काय काय करायचा, ते मला भिंतीवरून सगळं दिसायचं. खायचा सोडा घ्यायचा, त्यावर लिंबू पिळायचं, ते फसफसलं की ब्रशने घासायचं. आणि ब्रश कसा? तर दुकानातला सगळ्यात राठ. मऊ ब्रश दाखवला की म्हणायचा, “कोमाय, याने बाळाची पाठ चोळा.” सोडा-लिंबू झालं की वर कोळशाचा काळा पास्ता आणि त्यावर ‘अतिशुभ्र’ लिहिलेला पास्ता. जेवण झालं की पुन्हा तेच.

त्यातून त्याच्या फोनवर कुठूनतरी एक शहाणपण आलं. ट्यूबच्या शेपटीला एक रंगीत चौकोन छापलेला असतो ना? तो हिरवा असेल तर आत सगळा झाडपाला. निळा असेल तर निम्मं औषध. काळा असेल तर निव्वळ विष. झालं! पेर्ला माझ्या फळीवरची एकेक डबी उघडून ट्यूबांच्या शेपट्या तपासू लागला.

“कोम्पाय, ही काय कोंबड्यांची झुंज आहे का, शेपटी बघून पैज लावायला?”

“तुम्हाला कळत नाही, कोमाय. सगळं इथेच लिहिलेलं असतं.”

“इथे तर एक अक्षर नाही.”

“तेच तर! कळणाऱ्याला कळतं.”

पुढे-पुढे मी हिरव्या चौकोनाच्या ट्यूबा त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवू लागले. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक.

यंदा आंबे संपत आले तेव्हा मला पहिला संशय आला. आमच्याकडे बिअर नुसती थंड असून भागत नाही. बर्फाच्या पेटीतून बाटली काढली की तिच्या अंगावर पांढरं हिम चढलेलं पाहिजे. तिला आम्ही नवरी म्हणतो. लोक येतात ते ‘एक नवरी द्या’ म्हणतच. तर एके दुपारी पेर्लाने नवरी घेतली आणि दुकानामागे नेऊन चक्क उन्हात उभी केली.

“कोम्पाय, हे काय? नवरीला घाम का फोडताय?”

“घसा बसलाय, कोमाय. थंड सोसत नाही.”

“मग मघाशी कोंबड्यावर कोण बोंबलत होतं?”

दुसऱ्या दिवशी म्हणाला, डॉक्टरांनी कोमट प्यायला सांगितलं आहे. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाला, चीनमध्ये सगळे कोमटच पितात. लोस कोकोसमध्ये माणसाने बायको बदलली तर लोक दोन दिवस बोलतात, पण कोमट बिअर पिणाऱ्याला कुणी सोडत नाही. शेवटी मी त्याला मागच्या अंगणात गाठलं आणि बर्फाचा एक खडा पुढे केला. “चावा बघू.” तो दोन पावलं मागे सरला. मग पोत्यावर बसला आणि म्हणाला, “निदियाला सांगायचं नाही. शपथ घ्या.”

मी शपथ घेतली. निदियाला ते संध्याकाळपर्यंत कळलं, पण ते माझ्याकडून नव्हे. तिने माझा चेहरा वाचला.

“थंड लागलं की तोंडात वीज चमकते, कोमाय. गोड लागलं की चमकते. मोटरसायकलवर तोंड उघडलं तर वाऱ्यानेसुद्धा चमकते.”

“आणि सॅक्सोफोन?”

सॅक्सोफोन वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या चोचीवर टेकवावे लागतात. सूर हाडातून थेट कवटीत शिरतो. “पूर्वी गुदगुल्या व्हायच्या,” तो म्हणाला, “आता करवत चालते. म्हणून मी ओठ आत दुमडून वाजवतो.”

“म्हणजे गेल्या रविवारी बदकासारखं वाजत होतं ते...”

“बदकासारखं?” दातांपेक्षा त्याला हे जास्त लागलं.

त्याची भीती काही उगाच नव्हती. त्याच्याआधी सॅक्सोफोन वाजवायचा तो तोन्यो. त्याचे पुढचे दात पडले तेव्हा सिरिलोने त्याच्या हातातला सॅक्सोफोन काढून घेतला आणि पत्र्याची ग्विरा दिली. तोन्यो आजही मागे उभा राहून खर्र-खर्र पत्रा खरवडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगतो. शिवाय शेजारच्या गावातला लेउरी नावाचा जवान गडी सिरिलोच्या घरी हल्ली वरचेवर दिसायचा, बगलेत सॅक्सोफोनची पेटी घेऊन. गावची राखणदार संत सांता रोसा, तिच्या जत्रेत चौकातल्या मंचावर कोण वाजवणार, यावर पेर्लाचं सगळं अडलं होतं. घरं काय, कुणीही रंगवतं. सॅक्सोफोन गेला तर उरलेल्या ठेंगण्या माणसाला गावात कोण विचारणार?

इतकं होऊनही याने उपाय कोणता शोधावा? आणखी घासायचं! दुखतात म्हणजे आत मळ साचलाय, हे त्याचं शास्त्र.

आता टोमॅटोची गोष्ट. त्या संध्याकाळी सिरिलोचा ताफा एका लग्नाला निघणार होता. भिंतीपलीकडून निदिया ओरडली, “झुनिल्दा, एक पास्ता दे गं!”

“कोणता?”

“राजम्याचा!”

तिच्यामागून पेर्ला ओरडला, “आणि मलाही एक!”

“कोणता?”

“दातांचा! अतिशुभ्र!”

अतिशुभ्राच्या मोठ्या ट्यूबा संपल्या होत्या. कंपनीच्या माणसाने वाटायला दिलेल्या छोट्या पुड्या होत्या, त्यातली एक घेतली. टोमॅटोचा पास्ताही तसल्याच पुडीत येतो. दोन्ही पुड्या भिंतीवर मांडल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “डावीकडची दातांची, उजवीकडची राजम्याची!” याहून स्पष्ट काय सांगायचं माणसाने? एवढ्यात वीज गेली. ती रोजच जाते.

बाहेर सिरिलोच्या ट्रकचा भोंगा वाजला. अंधारात भिंतीवर दोन हात आले आणि दोन पुड्या गेल्या. थोड्या वेळाने निदियाची किंकाळी: “अगं बाई! राजमा फेसाळला!” आणि त्याच वेळी पुढच्या दाराने पेर्ला थू-थू करत रस्त्यावर धावला. अंगात ताफ्याचा पांढरा सदरा, हातात ब्रश. ट्रकचे दोन्ही दिवे त्याच्या तोंडावर पडले. हनुवटीवरून लालभडक ओघळ सदऱ्यावर उतरले होते.

सिरिलोने छातीवर क्रूस काढला. “रक्त! अरे, याला धरा!”

“टोमॅटो!” पेर्ला ओरडला. “टोमॅटो आहे तो!”

“टोमॅटोने दात कोण घासतं रे?”

त्यातून पेर्ला गेले कित्येक दिवस घसा, डॉक्टर आणि चीन यांच्या थापा मारत आला होता. आता खरं सांगून उपयोग काय?

सकाळी दुकान उघडलं तर बायका आधीच दारात उभ्या. एक म्हणाली, हिरडी फुटली. दुसरी म्हणाली, क्षय आहे, तिच्या आतेभावाला असाच झाला होता. तिसरीने त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावूनसुद्धा टाकली होती. ताफ्यातला ढोलवाला हळूच सांगून गेला की सॅक्सोफोन विकायचा झाला तर आधी मला कळवा. मी प्रत्येकीला खरं काय ते सांगत होते. त्यावर सगळ्यांचं एकच: “पण तू तर डावी-उजवी सांगितली होतीस ना?” सांगितली होती! माझी डावी ती डावी. भिंतीच्या पलीकडे समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं बदलतं, एवढंही कळू नये?

दुपारी सिरिलो आला. त्याने रक्ताची गोष्ट काढलीच नाही. खुर्ची ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पेर्लाला समोर बसवलं.

“टोमॅटो होता, ते मला पटलंय,” तो म्हणाला. “सदऱ्याला टोमॅटोच्या पास्त्यातल्या ओरेगानोचा वास येत होता. पण रात्रभर मी विचार केला. माणूस बिअर उन्हात ठेवतो. बर्फाचा गोळा खात नाही. आणि सॅक्सोफोन वाजवताना ओठ आत घेतो. माझे कान म्हातारे झालेत पेर्ला, बहिरे झालेले नाहीत.”

मग त्याने अट घातली.

“सांता रोसाच्या संध्याकाळी, चौकात, सगळ्यांसमोर, एक नवरी प्यायची. अख्खी. तोंड वाकडं न करता. प्यालास तर मंचावर सॅक्सोफोन तुझा. नाही तर लेउरी वाजवेल. तू तोन्योच्या शेजारी उभा राहा, मी तुला दुसरी ग्विरा घेऊन देतो.”

सिरिलो दुष्ट नाही. त्याच्या ताफ्याला लोक दुरून-दुरून बोलावतात, ते बदक ऐकायला नव्हे. पण त्या दिवशी त्याला कॉफी पाजायचं मी विसरले ते मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी एका बाजूने निदियाने आणि दुसऱ्या बाजूने मी असं धरून आम्ही पेर्लाला दवाखान्यात नेलं. दातांची डॉक्टर योकास्ता आमच्याच गावची. ती लहान असताना तिचं घर पेर्लानेच रंगवलेलं. तिने त्याचं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “लिंबू लावता?”

“कधीतरी.”

“रोज,” मी म्हणाले.

“दोनदा,” निदिया म्हणाली.

“सेन्योर एवारिस्तो, भिंत रंगवायच्या आधी तुम्ही काय करता?”

पेर्लाला वाटलं, विषय बदलला. खुशीत आला. “आधी खरवडतो. जुना रंग निघाला पाहिजे.”

“आणि रोज खरवडली तर? वरून पाणी मारून, लोखंडी ब्रशने?”

“गिलावाच निघून येईल.”

“मग काय दिसेल?”

“विटा.”

“तुमच्या विटा दिसायला लागल्यात.”

मला हसू आलं. निदियाने चिमटा काढला तेव्हा थांबले.

योकास्ताने मग नीट सांगितलं. लिंबाच्या आंबटाने दाताचं वरचं कवच मऊ पडतं, आणि त्यावर राठ ब्रश चालवला की ते थोडं-थोडं निघून जातं. हिरड्याही घासून मागे सरल्यात, त्यामुळे दातांच्या माना उघड्या पडल्यात. त्या उघड्या भागाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात आणि त्यांतून गार-गोड थेट नसेपर्यंत पोचतं. “गेलेला गिलावा परत येत नाही. पण ती भोकं बुजवता येतात. त्यासाठी वेगळा पास्ता असतो, ठणकणाऱ्या दातांचा. डबीवर तसं लिहिलेलं असतं. मागे बारीक अक्षरात फ्लोराइडचा आकडा असतो, तो मोठ्या माणसांसाठी हजाराच्या वर आहे ना, तेवढं बघायचं.”

“आणि चौकोन?” पेर्लाने विचारलं.

“कसला चौकोन?”

“शेपटीवरचा. हिरवा, काळा...”

“तो होय! तो मशीनसाठी असतो. ट्यूब कुठे कापायची आणि कुठे चिकटवायची, ते मशीनला कळावं म्हणून. आतल्या पास्त्याशी त्याचा काही संबंध नाही.”

“हिरव्याचासुद्धा?”

“हिरव्याचासुद्धा.”

त्याचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्याला सांगितलं की सांता रोसा आपल्या गावची नव्हेच. योकास्ता पुढे सांगत होती: मऊ ब्रश, हलका हात, सकाळी आणि झोपताना, आणि घासून झालं की थुंकायचं, पण चूळ भरायची नाही.

“चूळ भरायची नाही? म्हणजे तोंड तसंच ठेवायचं?”

“तुम्ही रंगाचा पहिला हात दिला की लगेच भिंत धुता का?”

हे मात्र त्याला पटलं. “आणि किती दिवस लागतील?”

“काही आठवडे. एका हातात भिंत होत नाही, हे मी तुम्हाला सांगू?”

मग उठता-उठता त्याने खरा प्रश्न विचारला. “दात पांढरे राहतील ना, डॉक्टर?”

“दात मुळात थोडे पिवळसरच असतात. तुम्ही रोजचे डाग खरवडून, वर पांढरे लेप देऊन ते झाकत आलात. ते सोडलंत तर जरा पिवळे दिसतील. नाही सोडलंत तर सॅक्सोफोन सोडावा लागेल. आता काय ते तुम्ही ठरवा.”

परत येताना तो दुकानाशी आल्यावर म्हणाला, “कोमाय, मला पेर्ला का म्हणतात?”

“दातांमुळे. आणखी कशामुळे?”

“मग दात पिवळे झाल्यावर काय म्हणतील?”

“एवारिस्तो म्हणतील. वाईट आहे का नाव?”

“एवारिस्तो कोण?” त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. मला एकदम भडभडून आलं आणि मी विनाकारण बटाटे निवडायला घेतले.

नवा पास्ता सुरू झाला आणि तक्रारीही सुरू झाल्या. फेस येत नाही. झोंबत नाही. “जो पास्ता झोंबत नाही तो काम काय करणार, कोमाय?” चूळ न भरता तो थुंकत-थुंकत अंगणभर फिरायचा. मी त्याला लिंबं विकणं बंद केलं. तर पठ्ठ्या खालच्या आळीतल्या दुकानात जाऊन लिंबं मागताना सापडला. म्हणे, माशासाठी. निदियाने त्या आठवड्यात मासा शिजवलाच नव्हता.

तरी तो टिकून राहिला. हळूहळू मोटरसायकलवर तोंड उघडू लागला. पेरूची वडी खाऊ लागला. एके दुपारी भिंतीपलीकडून सूर आला, भरलेला आणि गोल, त्यात बदक कुठेही नव्हतं. मी हातातलं माप खाली ठेवून ऐकत राहिले.

पण दात पिवळे पडू लागले होते. फार नाही, तुमच्या-माझ्यासारखेच. आणि पेर्लाने हसणं सोडलं. विनोद झाला की ओठ मिटून नाकाने फुसफुसायचा. फोटो काढायला कुणी आलं की मागे सरकायचा. ज्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणून थांबवायचो, त्याला असं बघणं माझ्या जिवावर आलं. सॅक्सोफोन परत येत होता आणि माणूस कुठेतरी निघून चालला होता.

सांता रोसाच्या दिवशी सकाळी चौकात मोठा फलक लागला: ‘सिरिलो आणि मंडळी, सॅक्सोफोनवर पेर्ला’. सिरिलोने तो कधीच छापायला दिला होता, हे तेव्हा मला कळलं. पेर्ला तो बघून घरी गेला. थोड्या वेळाने मी भिंतीवरून पाहिलं तर हा मोरीपाशी उभा. एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्यात तोच जुना राठ ब्रश. वाटीत सोडा. निदिया दारात.

“फक्त आजच्यापुरतं,” तो म्हणत होता. “मोती लिहिलंय फलकावर. लोक काय बघायला येणार?”

“आणि संध्याकाळी नवरी कशी पिणार?”

“सोसेन.”

निदिया ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. पायरीवर बसली. “मी तुला आधी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. बाबांच्या अंगणात कोको वाळवायला टाकला होता, मी दाणे उलथत होते, आणि कुंपणापलीकडे कुणीतरी रोज सॅक्सोफोन वाजवत बसायचं. कितीतरी दिवस मी नुसती ऐकत होते. वाजवणाऱ्याला दात आहेत की नुसतं बोळकं आहे, मला काय ठाऊक?”

“आणि पाहिलंस तेव्हा?”

“पाहिलं तेव्हा वाटलं, दात जरा जास्तच आहेत. पण म्हटलं, आवाज चांगला आहे, सांभाळून घेऊ.”

तिने उठून त्याच्या हातातलं लिंबू घेतलं, स्वयंपाकघरात गेली आणि तळलेल्या माशावर पिळलं. त्या दिवशी खरंच मासा होता.

संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचाशेजारी मी माझी बर्फाची पेटी मांडली होती. सिरिलो आला आणि म्हणाला, “काढ.” वरची, कमी गार बाटली काढावी असा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू? पण म्हातारा खांद्याशी उभा होता. मी तळात हात घातला. निघाली ती अशी नवरी होती की तिच्यावर बोटाने नाव लिहावं.

पेर्लाने ती घेतली. लेउरी मंचाच्या पायरीशी सॅक्सोफोन गळ्यात घालून तयार. निदियाने माझा दंड धरला होता, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

त्याने पहिला घोट घेतला. चेहरा हलला नाही. दुसरा घेतला. मग तो थांबला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गर्दीतून ‘अरेरे’ असा आवाज उठला.

“दुखतंय?” सिरिलोने हळूच विचारलं.

“नाही,” पेर्ला म्हणाला. “गार आहे. किती दिवसांनी नुसतं गार लागलं.” आणि त्याने मान मागे टाकून बाटली रिकामी केली.

सिरिलोने लेउरीला बाजूला व्हायची खूण केली आणि अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला. बिचारा लेउरी, टाळ्या वाजवणाऱ्यांत तोच पहिला होता.

पेर्लाने काय वाजवलं ते मी काय सांगू? मी दुकानदार बाई. एवढंच सांगते की पहिलं गाणं संपेपर्यंत माझ्याकडे एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. गाणं संपलं, लोक किंचाळले, आणि पेर्ला त्या आनंदात सगळं विसरला. तोंड भरून हसला. मंचावरचे सगळे दिवे त्याच्या दातांवर. पिवळसर, ओळीत बसलेले दात.

मागून तोन्यो ओरडला, “मासोर्का!”

मासोर्का म्हणजे मक्याचं कणीस. पेर्लाचे ओठ मिटले. मी मनातल्या मनात तोन्योच्या उरलेल्या दातांचं वाटोळं केलं. मग पेर्लाने हळूच सॅक्सोफोन आडवा धरला, दोन्ही हातांनी, तोंडाशी नेला आणि भाजलेलं कणीस खावं तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुरतडायचा आव आणला. चौक असा फुटला की चर्चवरची कबुतरं उडाली. सिरिलो माइकजवळ तोंड नेऊन म्हणाला, “सॅक्सोफोनवर... मासोर्का!” आणि पुढचं गाणं सुरू झालं. निदिया हसत होती आणि रडत होती, मीही तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी उशिरा तो दुकानात आला. आवाज घोगरा, सदरा चुरगळलेला.

“कोमाय, एक पास्ता द्या.”

“कोणता?”

त्याने फळीकडे पाहिलं. हिरव्या चौकोनाच्या ट्यूबा अजून तिथेच वेगळ्या ठेवलेल्या होत्या. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपण सगळेच म्हणतो. तो दात काढून हसला, अगदी मागच्या दाढांपर्यंत.

“वाजवायच्या दातांचा,” तो म्हणाला.